मनूच्या पाण्याची तपासणी

मास्तरांच्या घरात लेकरू आजारी पडलं की औषधाच्या बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बाटल्या भंगारात जातात, किस्से मात्र स्टाफरूममध्ये जातात, आणि तिथं चहाबरोबर रोज थोडे वाढतात!

आम्ही नवराबायको एकाच शाळेत. नांदेडहून उमरीकडं रोजचं अप-डाउन. सोबत हेडसर, गायकवाड सर आणि देशमुख मॅडम. मध्यंतरी आमची पाच वर्षांची मनू जुलाब-उलट्यांनी पार मलूल झाली. शनिवारी सकाळी गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "उलट्या थांबल्यात. आता ओआरएसचं पाणी पाजत राहा, किती गेलं ते लिहून ठेवा. चार वाजता येतो. पाणी गेलं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावू."

मनूनं तोंड मिटलं ते मिटलंच. माझा जीव टांगणीला लागला.

*

देवणीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "फोन लेकराच्या तोंडासमोर धर!" त्यांनी तिकडं मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि तिकडंच चुलीत टाकल्या. दृष्ट खरंच लागलेली असली तर जळत्या मिरच्यांचा ठसका येत नाही, हे त्यांचं शास्त्र.

"तुमच्याकडं ठसका आला का गं?"

"नाही आई."

"बघ! लई जबर दृष्ट होती!"

त्यांच्या मागं मामंजी खोकून खोकून बेजार झाले होते.

*

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि स्टाफ थेट आमच्या घरी. गायकवाड सर गणिताचे. उशाशी बसून म्हणाले, "बाळा, ग्लासात चाळीस चमचे पाणी हाय. तू एक पिलीस, तर राहिले किती?"

मनू म्हणाली, "तुम्ही प्या, मी मोजते."

सर मुकाट्यानं सात चमचे पिले! वर म्हणतात, "चव बरी हाय की."

*

मग हेडसर पुढं झाले. चमचा तीनदा पुढं केला, मनूनं तीनदा मान फिरवली. सरांचा पारा चढला. "हे असं चालणार न्हाई! पालकांना बोलवा!"

"सर, मीच पालक."

"आलात? बरं झालं. बसा."

माझ्याच घरात!

*

नोंद ठेवायचं काम मी आमच्या ह्यांच्याकडं दिलं होतं. चार वाजता डॉक्टर आले, सुंदर अक्षरातली वही बघून खूश झाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"सर, साडेसहापर्यंतचे चमचे आत्ताच कसे गेले?"

हे म्हणाले, "तपासणी असली की आम्ही रजिस्टर आधीच भरून ठेवतो."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टरांनी वही मिटली. "मॅडम, खरं सांगा, किती गेलं?"

"चार चमचे," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

*

डॉक्टर मनूसमोर जाऊन बसले. ग्लास पुढं धरला. "हा माझ्यासमोर हळूहळू संपला, तर घरीच राहायचं. नाहीतर गाडी काढा." मनूचे ओठ गच्च. मी मनातल्या मनात बॅग भरायला लागले होते.

तेवढ्यात सगळा स्टाफ डॉक्टरांच्या पाठीमागं ओळीनं उभा राहिला. तपासणीला आलेले साहेब पोरांना प्रश्न विचारतात, तेव्हा साहेबांच्या पाठीमागून खुणा करायची आमची जुनी सवय. हेडसरांनी अंगठा तोंडाला लावला. गायकवाड सरांनी मान मागं टाकून आ वासला. देशमुख मॅडम हवेतलाच ग्लास गटागटा पीत होत्या. आमचे हे नुसतेच गळ्याची घाटी वरखाली करत होते.

मनू बघत राहिली. खुदकन हसली. एक घोट घेतला. मग दुसरा.

डॉक्टर मागं वळले की चौघंही वर पंख्याकडं बघायचे. डॉक्टर पुढं वळले की परत सुरू!

घोट घोट करत ग्लास रिकामा झाला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास! ॲडमिट कॅन्सल."

मनूनं ओठ पुसले, बोटानं डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या मागून हे सगळे कॉपी देऊन राहिलेत!"