कॅलेंडरवरची तंजावूर राणी

पंकजाबाईंच्या घरापुढून जाताना बायका पदर सारखा करून घेत. संध्याकाळी बाई ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या असत आणि देवळाकडे निघालेल्या प्रत्येकीच्या नेसण्यावर त्यांचं मत तयार असे. फुगाबाह्यांचा ब्लाउज दिसला की म्हणत, "दंडाला वांगी बांधलीत जणू." कुणी सिनेमातल्या नटीसारखा पारदर्शक पदर घेतला की म्हणत, "मच्छरदाणी पांघरून निघाली." आवाज हळू ठेवणं त्यांना जन्मात जमलं नाही. नवरा गुरुमूर्ति कोर्टात कारकून, मितभाषी. मूलबाळ नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा कुंभकोणमच्या मराठी घरांचा रिवाज होता, पण पंकजाबाई रागावल्या की दोन्ही भाषा एकदमच बाहेर पडत.

भाचीच्या लग्नासाठी त्यांनी रेशमासाठी नावाजलेल्या तिरुभुवनमला सेतू विणकराकडून लुगडं विणून घेतलं होतं. हवा तो रंग दाखवायला आंब्याची कोवळी, तांबूस पालवी ओल्या फडक्यात बांधून नेली होती. काठावर हंस हवेत, आणि प्रत्येक हंसाची मान मागे वळलेली हवी, असा हट्ट धरला. सेतू कुरकुरला, पण विणलं तसंच. लग्नाच्या दिवशी त्यांनी ते नेसून चंद्रमौलीच्या स्टुडिओत फोटो काढला. चंद्रमौली आपल्यातलाच, मराठी बोलणारा. त्याने फोटो दर्शनी काचेत लावला. पंकजाबाईंना ते आवडलं होतं. बाजाराला जाताना त्या मुद्दाम त्या रस्त्याने जात.

१९५६ सालचा पोंगल झाला आणि त्या कॉफीच्या बिया आणायला वाण्याकडे गेल्या. गुळाच्या ढेपांवर भिंतीला नवं कॅलेंडर लटकत होतं, आणि त्यात त्या स्वतः उभ्या होत्या.

पण काय करून ठेवलं होतं! सावळा चेहरा पिठासारखा पांढरा केलेला. नथ पुसून दोन्ही नाकपुड्यांत चमक्या दिलेल्या. फोटोत त्या हसल्या नव्हत्या. इथे लाल ओठांनी हसत होत्या. नऊवारीचा कासोटा गायब, खाली सहावारीच्या निऱ्या. लुगडं पोपटी. हंस तेवढे जसेच्या तसे, माना मागे वळवून. खाली मणीच्या कापडदुकानाचं नाव आणि ठळक अक्षरं: 'तंजावूर राणी. अस्सल रेशमी पट्टुसाडी. थोड्याच शिल्लक.'

घरी येऊन त्यांनी पिशवी आपटली. गुरुमूर्ति म्हणाला, "मीही पाहिलं सकाळी, न्हाव्याकडे. चांगल्या घरची बाई न्हाव्याच्या दुकानात टांगली गेली. आता ओरडशील तर न बघितलेलेही बघतील. गप्प राहा."

"मी का गप्प राहू? चोरी त्याने केली आणि लाज मी धरू?"

तेवढ्यात शेजारची अलमेलु कॅलेंडर हातात घेऊनच आली. "पंकजा, मणीकडे अगदी तुझ्यासारखेच काठ आहेत गं. मग तुझं लुगडंही तिथलंच? आम्हाला तिरुभुवनमचं म्हणून सांगत होतीस!"

न्हाव्याच्या भिंतीने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. पंकजाबाई तशाच, घरच्या सुती लुगड्यावर, चपला न घालता बाहेर पडल्या.

मणीच्या दुकानात तोबा गर्दी होती. तै महिना, लग्नांचे दिवस. पांढऱ्या गादीवर मणी बसला होता. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. एका नोकराने पुढ्यात साड्या उलगडल्या. कृत्रिम रेशीम, चकचकीत, तेल लावल्यासारखं. पंकजाबाईंनी पोपटी साडी खांद्यावर धरली.

नोकर अदबीने म्हणाला, "अम्मा, हा रंग गोऱ्या अंगावर खुलतो. चित्रातल्या बाईसारखी कांती पाहिजे. आपल्याला तपकिरीत दाखवू?"

"चित्रातली बाई मी आहे."

नोकर हसला. शेजारच्या दोघी बायकाही हसल्या. मणीने मान वर केली, चित्राकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तोही हसला.

त्या तडक घरी परतल्या, पेटी उघडली, आंब्याच्या पालवीचं लुगडं नेसल्या, नथ घातली आणि भर दुपारी पुन्हा त्या दुकानात जाऊन गादीच्या मधोमध बसल्या. आता कुणी हसलं नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला त्या पदर दाखवून सांगू लागल्या, "हे बघा अस्सल. ते बघा नक्कल. भिंतीवरची मी. मला कुणी विचारलं नाही."

मणी उठून हात जोडत आला. "अम्मा, यात आपला मानच झाला. घरोघरी लक्ष्मीसारख्या लागलात. एक साडी घेऊन जा, कुठलीही."

"तुझी साडी मी पायपुसणं म्हणूनही घेणार नाही. मला राणी म्हणून टांगलंस आणि दारात आले तर ओळखलं नाहीस! माझा रंग तुला चालला नाही, माझे हंस तेवढे चालले?"

या सगळ्यात देवळापाशी फुलं विकणारी सुब्बलक्ष्मी मुलीच्या लग्नाची साडी निवडत होती. तीच पोपटी, तेच हंस. पंकजाबाईंनी तिच्या हातातून ती ओढली. "फसू नको. हे रेशीम नाही."

सुब्बलक्ष्मीने साडी परत ओढली. "मला कळत नाही का, अम्मा? रोज मोठ्या बायकांच्या पदरांना माझी बोटं लागतात. रेशीम कसं असतं ते ठाऊक आहे मला. ते आमच्यासाठी विणत नाहीत. माझ्या पोरीने एक दिवस तसं दिसावं म्हटलं तर तुमचं काय गेलं? तशीही तुम्ही ओट्यावरून नावंच ठेवणार."

पंकजाबाईंचा राग उतरला नव्हता, पण या बाईवर काढता येत नव्हता, आणि त्याने त्या जास्तच पेटल्या. त्या नोकराकडे वळल्या. "पाणी आण. तांब्याभर."

मणी म्हणाला, "पाणी कशाला?"

"हिची पोर मांडवात घामाने हिरवी व्हायला नको म्हणून!"

मग दोघी शेजारी बसल्या आणि एकेका साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या गादीवर दाबू लागल्या. गादीवर हिरवे डाग उठले. जिचा रंग सुटला ती साडी पंकजाबाई मणीच्या अंगावर फेकत. गठ्ठा अर्धा झाला तेव्हा एक सापडली जिने डाग सोडला नाही. "ही घे," त्या सुब्बलक्ष्मीला म्हणाल्या. "आणि पावतीवर 'अस्सल' लिहू देऊ नकोस." मणीने खाली मान घालून तो शब्द खोडला. सुब्बलक्ष्मी आभार न मानता निघून गेली. तिचाही राग निवला नव्हता.

तिथून पंकजाबाई स्टुडिओत गेल्या. चंद्रमौलीने आधी मान्यच केलं नाही. मग म्हणाला, "आक्का, चेहरा तुमचा, पण फोटो माझा. मणी जुना मित्र, त्याने मागितला, मी दिला. त्यात बिघडलं काय?"

"तू आपला माणूस म्हणून मी तुझ्यापुढे उभी राहिलें. परक्यापुढे राहिलें असतें तर त्याने निदान विचारून दिला असता."

त्यांनी काच सरकवली, आपली तसबीर खिळ्यावरून काढली आणि निगेटिव्हही मागून घेतली. ती त्यांनी त्याच्यासमोर मुडपून गटारात टाकली.

मणीने त्या कॅलेंडरचं एक पानही परत घेतलं नाही. वर्षभर राणी कुंभकोणमच्या भिंतींवर हसत राहिली आणि साडीही भरपूर खपली. वाण्याने तेवढं आपलं कॅलेंडर काढून ठेवलं, तेही पंकजाबाईंनी कॉफी दुसरीकडून आणायला सुरुवात केल्यावर.

त्या दिवशी स्टुडिओतून त्या घरी आल्या तेव्हा गुरुमूर्ति दारातच उभा होता. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. बायकोच्या काखेत तसबीर होती आणि पदरावर पाण्याचे शिंतोडे. तो म्हणाला, "जेवायला वाढू का?"

"नक्को," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कपडे न बदलता भिंतीला टेकून बसल्या. त्याने तरीही पान मांडलं.