वखारीतले दोन बांध

लोणावळ्यात बाजाराच्या टोकाला आमची लाकडाची वखार होती. बघणाऱ्याला ती एकच जागा वाटे. खरं तर ती एकामागे एक अशी तीन भातखाचरं होती. जवळच्या गावातल्या तीन भावांनी वाटण्या झाल्यावर आपापलं खाचर विकायला काढलं, तसं माझ्या सासऱ्यांनी ते एकेक करून घेतलं होतं.

खाचरांमधले दोन बांध मात्र विकत घेतले नव्हते. बांध भावाभावांत सामाईक होते आणि वाटणीत ते कुणाच्याच वाट्याला गेले नव्हते. सासऱ्यांनी विचारलं, यावर ओंडके रचू का? ते म्हणाले, रचा. बदल्यात त्यांच्या घरी लग्न निघालं की सरपण आमच्याकडून जाई. कुणी गेलं की चितेची लाकडंही जात. आम्ही मुसलमान, ते मराठे, पण यात कुणाला काही वाटत नसे. बैलगाड्या फिरून बांध सपाट झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कुठे होते हे हात करून दाखवावं लागे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराचे डेपो वाढले आणि लाकडाला मागणी आली. नवऱ्याने यंत्राची करवत बसवायचं ठरवलं. त्यासाठी तिन्ही खाचरांवर एकच लांब शेड हवी होती. नगरपालिकेने सांगितलं, आधी सगळ्या जागेची एकत्र मोजणी करून नकाशा आणा. म्हणून मोजणी आम्हीच मागवली. आमच्यावर कुणी लादली नव्हती.

मोजणीदार साखळी घेऊन आला. ते तिघे भाऊ तोवर वारले होते. थोरल्याचा मुलगा लगतचा जमीनवाला म्हणून हजर होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा मोजणीदार म्हणत होता, "तुमचे तीन सर्व्हे नंबर धरले तरी मध्ये दोन पट्टे उरतात. हे कुणाचे?"

थोरल्याचा मुलगा माझ्या नवऱ्याकडे बघून हसला. "भाऊ, तुमीच सांगा. आमी जल्मल्यापासनं हितं लाकडंच बघतोय."

एवढं सोपं होतं. आमचे म्हणायचं आणि गप्प बसायचं. माझा नवरा म्हणाला, "बांध यांचेच. आम्ही यांना विचारून वापरतो. त्याच्या बदल्यात लाकडं देतो. याच्या वडिलांच्या चितेलाही आमचीच गेली."

"व्हय, गेलती की. वल्ली व्हती पन. लय फुकाया लागलं."

सगळे हसले. मोजणीदाराने जबाब लिहून वाचून दाखवला. नवऱ्याने सही केली, थोरल्याच्या मुलाने अंगठा दिला.

समोरच्या व्यापाऱ्याचीही वखार होती. त्याला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने दोन्ही बांध भावांच्या मुलांकडून विकत घेतले आणि तारेचं कुंपण घातलं. रस्ता फक्त पुढच्या तुकड्याला होता. मागच्या दोन तुकड्यांत ओंडके होते, पण गाडी जाईना.

मी थोरल्याच्या मुलाच्या घरी गेले आणि त्याला वाटेल ते बोलले. त्याने मान खाली घातली.

"वैनी, आमाला तरी कुटं म्हाईत व्हतं? भाऊच बोलले, तुमचं हाय म्हनून."

वडगावच्या वकिलाने कागद पाहिले. तो म्हणाला, "इतक्या वर्षांच्या ताब्यावर दावा लढता आला असता. पण परवानगीने वापरतो, असं तुम्हीच लिहून दिलंत. आता काही होणार नाही."

नाहीच झालं. मागचे दोन तुकडे त्या व्यापाऱ्यालाच द्यावे लागले. ज्या जागेत जाता येत नाही ती दुसरं कोण घेणार? पुढच्या तुकड्यावर वखार चालेना, तोही गेला. व्यापाऱ्याने सगळं जोडून लांब शेड बांधली आणि करवत लावली. दिवसभर तिचा आवाज आमच्या घरात येई.

नवरा देहूरोडच्या डेपोत हमालीला लागला. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, "का सांगितलंत?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

एवढं बोलून तो जेवत राहिला. लोक त्याला भला माणूस म्हणत. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.