बटणातली अक्षता

गिअर ऑइलचा वास आला की अजून माझं डोकं सणकतं. त्या दसऱ्याला यांनी सासऱ्यांच्या जुन्या विलायती गाडीची पूजा केली, हार घातला आणि डॅशबोर्डवर मूठभर अक्षता उधळल्या. दुसऱ्या दिवशी वाघोलीच्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाला आराम देणारा वरचा गिअर, लागेना. मोकळा रस्ता, तरी इंजिन आपलं बोंबलतंय. घरी आल्यावर मी म्हटलं, "आधी डॅशबोर्डवरचं त्याचं बटण बघा, काल तिथेच अक्षता पडल्यात." यांनी बोलावलेले, जुन्या गाड्यांतले तज्ज्ञ म्हणवणारे एक मित्र गाडीखालूनच म्हणाले, "वहिनी, हे गिअरबॉक्सचं काम आहे. तुम्ही चहा टाका." गिअरबॉक्स उतरवला, पार्किंगभर तेल सांडलं, सगळं परत जोडलं, तरी ओव्हरड्राइव्ह लागेना. शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर घेऊन बटण उघडलं. आत कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा अडकून बसला होता. तो काढला आणि पुढच्या फेरीत इंजिन कसं गुमान चाललं! तज्ज्ञ हात पुसत म्हणाले, "बघा, मला पहिल्यापासून बटणाचाच संशय होता." यांनीही मान डोलावली. त्या वाक्यापेक्षा, त्यानंतर मी मुकाट्याने टाकलेला दुसरा चहा आज इतक्या वर्षांनीही माझ्या घशाखाली उतरत नाही.