डोळ्याचं माप

नातीला विटीदांडू शिकवायचा हट्ट माझाच होता. त्यामुळे त्या रविवारी जे झालं त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडणार नाही.

आमची वाडी होळी गावात. मुलाने फ्लॅट घेतला एव्हरशाईन सिटीत, म्हणून मी इथे. मुलगा म्हणत होता, "बाबा, बॅडमिंटन खेळते ना ती? खेळू दे. त्या विटीने कुणाचा डोळा गेला तर निस्तरणार कोण?"

"आमचे गेले का?" मी म्हटलं, आणि जीभ चावली. एकाचा गेला होता. ते मी या घरात कधीच सांगितलेलं नाही.

तरी मी मागे हटलो नाही. वाडीत जाऊन चिंचेची फांदी तोडली, दांडू तासला, विटीला दोन्हीकडून टोक काढलं. इमारतीच्या मागे एक पडीक तुकडा आहे, तिथे कोयत्याने गल, म्हणजे विटी ठेवायचा लांबट खड्डा, खणली. नात दहा वर्षांची, जिद्दीला माझ्यावर गेलेली. दोन रविवारांत टोला असा मारायला लागली की तिच्यापुढे उभी राहणारी पोरं चार पावलं मागे सरकायची.

आता मोजायचं कसं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विटी पडली तिथून गलीपर्यंत दांडूने मोजत यायचं. वकट, लेंड, मूंड, नाल, डोळा, आर, झकू. सात झाले की पुन्हा वकटपासून. गावोगाव यात फरक असेल, आमच्याकडे हे असंच. शेवटचा दांडू ज्या नावावर संपेल, त्या जागेवरून पुढचा टोला मारायचा. वकट आला तर विटी पावलावर ठेवायची. डोळा आला तर मान मागे टाकायची, मिटलेल्या डोळ्यावर विटी ठेवायची, तिथूनच उडवायची आणि खाली येताना दांडू हाणायचा.

माझ्या दोस्ताला डोळा आला तेव्हा आम्ही असेच नऊ-दहा वर्षांचे होतो. तो म्हणाला, "राहू दे रे, मी पायावरून मारतो."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सोडतो तो भित्रा. डाव गेला तुझा."

त्याने विटी डोळ्यावर ठेवली. उडवताना ती उडाली नाही, टोकावर फिरली. पुढचं लिहीत नाही. तो अजून होळीला आहे, एका डोळ्याने सगळी वाडी सांभाळली त्याने. मला एका शब्दाने कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर त्या रविवारी नातीने लांब टोला हाणला. झेल सुटला. मोजायचं काम माझ्याकडे. मी वाकून दांडू टाकत निघालो, ती शेजारून मोठ्याने म्हणत चालली. गल पाच दांडू उरली तेव्हाच मला दिसलं कुठे संपणार ते. वकट. लेंड. मूंड. नाल. आणि शेवटचा.

"डोळा!" पोरं ओरडली.

"सोड ग तो," मी म्हटलं. "पायावरून मार."

"का? तुम्हीच शिकवलंत ना, आलेलं माप खेळायचं. सोडतो तो भित्रा."

माझेच शब्द. शिकवताना सवयीने तोंडातून गेले होते, तिने जपून ठेवले होते.

"मी सांगतो म्हणून सोड."

"आजोबा, मी भित्री नाही." तिने चष्मा काढून मैत्रिणीच्या हातात दिला. मान मागे टाकली. डोळा मिटला. विटी ठेवली. एकदा उचलली, पुन्हा ठेवली, म्हणजे भीती वाटत होती तिला. माझ्या दोस्तालाही वाटली होती.

"थांब!" मी असा ओरडलो की वरच्या बाल्कनीत सून आली. "माप चुकलंय. मी पुन्हा मोजतो."

विटी आणि दांडू मी तिच्याकडून काढूनच घेतले. पुन्हा मोजताना मधे एकदा दांडू उचलून हातभर पुढे टाकला. आयुष्यात पहिल्यांदा.

"नाल," मी म्हटलं. "हातावरून मार."

ती विटी घेईना. "मी पण मोजलं. तुम्ही मधे पुढे टाकला."

"नाल आहे."

"चीटिंग! आजोबा रड्या!"

मग सगळ्याच पोरांनी धरलं, रड्या, रड्या. होळीत माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नाही कधी. भांडणं झाली तर दुसऱ्या आळीतली पोरं मला मोजायला बोलवायची. त्या मला इथे परकी पोरं रड्या म्हणत होती.

"रडी खेळला तो बाद," नात म्हणाली. "दांडू द्या."

दिला.

घरी मुलाने विचारलं, "काय, कोण जिंकलं?"

"आजोबा रडी खेळले," ती चप्पल काढत म्हणाली. "खोटं मोजलं."

मुलगा हसला. त्याला वाटलं मी आता उसळणार. "काय हो बाबा?"

"खेळलो," मी म्हटलं.

तो हसायचा थांबला.

आता पुढच्या रविवारी मोजायला ती स्वतः आहे. मला फक्त बाजूला बसून बघायचंय, असं तिने ठरवून टाकलंय. विटी तिच्या दप्तरात आहे. काढून फेकली तर ती दुसरी करून घेईल, माझीच नात ती. म्हणजे रविवारच्या आत तिला होळीला न्यायचं, माझ्या त्या दोस्ताच्या वाडीत, त्याच्यासमोर बसवायचं आणि सगळं सांगायचं. भित्रा कुणी कुणाला म्हटलं, तेसुद्धा.