नानांची रेसची चाके

स्वतःच्या मापावर एवढा विश्वास असलेला दुसरा माणूस धुळे जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्या माणसाचा तो विश्वास मी घालवला. ते माझे चुलत सासरे. सगळे त्यांना नाना म्हणतात. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे निदेशक म्हणून निवृत्त झाले, पण केसाची जाडी मोजणारे व्हर्निअर खिशातच राहिले. धुळ्यातल्या देवपूरच्या घरात त्यांनी मोजली नाही अशी वस्तू नव्हती. भरताची वांगी ते आकडा बघून निवडत, कारण सगळी एकाच व्यासाची असली तर सारखी भाजली जातात. भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच टोपली पुढे सरकवायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, वाढलेली भाकरी ते कडेला आणि मध्ये मोजत. एकदा माझ्यादेखत त्यांनी अर्ध्या मिलिमीटरचा फरक दाखवला. सासूबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या, "यास्ले भाकरनी जाडी समजस, चव नही." मी जळगावच्या एका दैनिकात नोकरी करतो. बातमीत दोन गावांतले अंतर चुकले की सकाळी दहाच्या आत नानांचा फोन यायचा. ते रागवत नसत, आकडा सांगून फोन ठेवत. एमआयडीसीत धातूचे भाग कातणाऱ्या दोन लेथवाल्यांत मापावरून वाद झाला की दोघेही सुटा भाग घेऊन नानांच्या अंगणात येत आणि नाना सांगतील ते मान्य करून परत जात.

अशा माणसाच्या आयुष्यात रेसची चाके आली. त्यांचा एक जुना विद्यार्थी दक्षिणेत मोटारसायकल शर्यतीच्या एका संघाकडे कामाला आहे. संघाने वापरून बाजूला काढलेल्या चाकांची एक जोडी त्याच्याकडे पडून होती. आपल्या चाकाच्या जवळपास निम्म्या वजनाची, असे तो फोनवर सहज बोलून गेला, आणि नानांचे जेवणातले लक्ष उडाले. वेगाशी त्यांना देणेघेणे नव्हते. आपली बारा वर्षांची मोटारसायकल त्यांनी पंचेचाळीसच्या वर कधी नेली नाही. त्यांना त्या चाकांचे वेगळेच कौतुक होते. "यात बनवणाऱ्यानं उगाच काही ठेवलेलं नाही, जावईबापू," ते म्हणाले.

चाके बसवायला चार महिने लागले. शर्यतीच्या गाडीचा एक्सल जाड असतो, म्हणून बेअरिंग बदलावे लागले. दोन बेअरिंगच्या मध्ये बसणारा बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, नानांनी ओळखीच्या लेथवर स्वतः उभे राहून सात वेळा कातला. सहा नापास झाले. सासूबाईंनी ते मिरच्या वाळवताना फडक्याच्या कडांवर वजन म्हणून ठेवायला घेतले. मग पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत आहे की नाही, हे बघायला अंगणभर दोरी ताणली गेली. दोन दिवस घरचे, पोस्टमन आणि दूधवाला ती ओलांडून ये-जा करत होते. नव्या चाकाला स्पीडोमीटर जोडायची सोय नव्हती, त्यामुळे काटा कायमचा शून्यावर राहिला. कोणी विचारले की नाना सांगत, "माझा वेग मला माहीत आहे." शेवटी गाडी स्टँडवर घेऊन त्यांनी पुढच्या चाकाला एका बोटाने धक्का दिला आणि शेजाऱ्यांना बोलावले. आठ-दहा मोठी माणसे फिरणारे चाक बघत उभी होती. ते थांबले तेव्हा कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग नाना त्या चाकांवरून वांगी आणायला गेले.

ती गाडी ते कोणाला देत नसत. सख्ख्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी नाही म्हटले होते. मी मात्र जावई. साक्रीला एका बैठकीच्या वार्तांकनाला जायचे होते, धुळ्यात बस चुकली, आणि मी गाडी मागितली. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नाही, हे मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच मागितली. नाना आत गेले आणि किल्ली घेऊन आले. म्हणाले, ही चाके गुळगुळीत ट्रॅकसाठी असतात, खड्डा दिसला की खाली उतरून गाडी ढकलत न्या.

जाताना मी खरोखर दोनदा उतरलो. परतताना बातमी पाठवायची घाई होती. एका फरशीपुलाच्या कडेला खड्डा होता. तो मला दिसला आणि मी उतरलो नाही. किती वेगात होतो ते सांगता येत नाही. हँडल हातातून निसटेल एवढा दणका बसला. थांबून पाहिले, चाकावर काही दिसले नाही. धुळ्यात शिरल्यावर मी आधी गाडी धुऊन घेतली. चिखल उडालाच होता, पण मी ती चिखलासाठी धुतली नाही.

नानांनी गाडी तपासली नाही. जावयासमोर तपासणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. "कशी वाटली?" एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, एकदम लोण्यासारखी. ते संध्याकाळभर खुशीत होते.

नऊ दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. पुढच्या चाकाच्या मधल्या भागाला, बेअरिंगजवळ, नखाला लागेल एवढी चीर सापडली होती. बुश किंचित आखूड कातला गेला असणार, एक्सल आवळल्यावर ताण चाकावर आला असणार, असे ते म्हणाले. मग आवाज उतरला. "तसल्या चाकांवर मी तुम्हाला साक्रीला पाठवलं. तुम्हाला काही झालं असतं तर पोरीला कोणतं तोंड दाखवलं असतं? माफ करा मला."

मी म्हणालो, "जाऊ द्या नाना, होतं असं."

पंचवीस वर्षे मी इतरांच्या चुका नाव-गावासह छापल्या आहेत. त्या सकाळी माझ्या चुकीबद्दल मी एका म्हाताऱ्या माणसाला माफ केले.

त्यांनी बुश काढून पुन्हा मोजला. माप बरोबर आले. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष पत्नीने मला सांगितला: माप बरोबर येते आहे, म्हणजे मोजणाऱ्याची नजर गेली. जुनी चाके परत बसली. व्हर्निअर एका लेथवाल्याकडे गेले. वाद घेऊन येणाऱ्यांना ते चहा पाजून परत पाठवू लागले. माझ्या बातम्यांत अंतरे चुकली, पण फोन आला नाही. भाकरी न मोजता जेवणाऱ्या नानांबद्दल सासूबाई माझ्या पत्नीला म्हणाल्या, "आते गुपचूप जेवतस. माले गमत नही."

हे ऐकूनही मी दोन वर्षे घालवली. गेल्या उन्हाळ्यात एकदाचा धुळ्याला गेलो आणि अंगणात बसून सगळे सांगितले. पूल, खड्डा, दणका, गाडी धुतली ते. काही वगळले नाही. नाना शेवटपर्यंत ऐकत होते. मग हसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हाताऱ्याचं मन राखायला इतकं रचलंत? पुलासकट?"

मी म्हणालो, नाना, हे खरे आहे. ते म्हणाले, "असू द्या. पोरीनं माणूस पारखून घेतला." आणि आत तोंड करून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, जावयासाठी गोड करायला सांगितले. मी आणखी दोनदा सांगून पाहिले. जसा मी आग्रह धरत गेलो, तसे त्यांचे डोळे भरत गेले. तेव्हा मी थांबलो.

आता नातेवाइकांत ही गोष्ट माझ्या चांगुलपणाची म्हणून सांगितली जाते. परवा शिंदखेड्याला एका साखरपुड्यात नानांनी मला हाताला धरून नव्या व्याह्यांसमोर नेले. "हे आमचे जावई," ते म्हणाले. "माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होते." व्याह्यांनी उठून मला नमस्कार केला. नाना माझ्याकडे बघत होते, फार दिवसांनी इतके आनंदात. मी हात जोडले.