झाडून काढलेला हातचा

पाहुणे येणार म्हणून मी एकदा कॉम्प्युटरच्या आतलं घर झाडून काढलं.

बाहेरचं घर सकाळीच झालं होतं. पंखे पुसले, पडदे बदलले, फ्रिजमागे हात घालून एक हरवलेला चमचासुद्धा बाहेर काढला. पाहुणे म्हणजे आमचे मोठे भाऊजी. राहायला छावणीत, म्हणजे तसे गावातल्या गावात. पण ते येणार म्हटलं की माझ्या अंगात झाडू संचारतो. (ह्यांच्या मते तो कायमच संचारलेला असतो.) त्यात या वेळी भाऊजी नुसते चहाला येणार नव्हते, निकाल द्यायला येणार होते.

खटला आमच्या ऋतुजाचा होता. पोरगी दहावीत, आणि रोज संध्याकाळी तासभर लॅपटॉपवर ठोकळ्यांचा गेम खेळायची. या गेममध्ये ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर, किल्ला, वाटेल ते बांधता येतं. तिनं किल्ला बांधला असता तर ह्यांनी तो सगळ्या शहागंजाला कौतुकानं दाखवला असता (तिथं ह्यांचं कापडाचं दुकान आहे). पण तिनं बांधलं बेरजेचं यंत्र!

"दहावीचं वर्ष हाय अन् पोरगी विटा रचायली!" हे म्हणाले.

"पप्पा, ते बेरीज करतंय."

"बेरजेला दुकानात कॅल्क्युलेटर हाय की."

"हाय ना. पण तो तुम्ही बनवलाय का?"

ज्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही तो आमच्या घरात मोठ्या भाऊजींकडे जातो. भाऊजींची सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशिनींच्या कंट्रोल पॅनलचं वायरिंग करण्यात गेली. ठरलं असं, की रविवारी चार वाजता भाऊजी यंत्र बघणार. ते 'यात दम हाय' म्हणाले तर लॅपटॉप राहणार, आणि दहावीनंतर ऋतुजाला हवा तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. 'पोरखेळ' म्हणाले तर लॅपटॉप कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात, आणि पुढे मुकाट्यानं कॉमर्स.

खरं सांगते, मला निकालाची गरजच नव्हती. ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी गार झाले होते. ओळीनं चार खोल्या, आतून अगदी सारख्या. जमिनीवर लाल भुकटीच्या रेघा, हीच म्हणे तिची वायर. बाहेर भिंतीला खटके, आणि प्रत्येक खोलीच्या माथ्यावर एक दिवा.

"पहिला दिवा एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा, चौथा आठाचा. जेवढे लागले तेवढे मिळवायचे, झालं उत्तर," ऋतुजा म्हणाली आणि तिनं खटके ओढले. भुकटी उजळली. तो उजेड भिंतीच्या भोकातून सरकत शेजारच्या खोलीत शिरला. "हा बघ आई, हातचा चालला."

हातचा! दुसरीत असताना हातचा तिला मीच शिकवला होता, भाकरी थापता थापता. तेव्हा ती विचारायची, "आई, हातचा ठेवायचा कुठं?" मी म्हणायचे, "डोक्यात." आता तोच हातचा माझ्या डोळ्यांदेखत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत निघाला होता. मी तिला ते खटके आणखी तीनदा ओढायला लावले.

पुढे खटके ओढायची नोकरी मलाच मिळाली. ती आत तपासायची, मी बाहेर खटके ओढायची. त्यापायी मला गेममध्ये चालायला आलं, वळायला आलं, आणि माऊसचं कुठलं बटण दाबलं की समोरची वस्तू नाहीशी होते तेही आलं. इथंच घात झाला.

रविवारी दुपारी ऋतुजा केस धुवायला गेली. जाताना म्हणाली, "आई, तेवढे खटके ओढून बघ. पण आत काही हलवू नको हं."

मी काहीही हलवलं नाही. फक्त झाडलं.

आता माझी बाजू ऐका. मी पहिल्या खोलीत शिरले आणि पाहुण्याच्या नजरेनं बघितलं. काही रेघा छान उजळलेल्या होत्या. ती वायर, हे मला माहीत होतं. पण बाकी जमिनीवर सगळीकडे मळकट, विझलेली भुकटी पसरलेली! मला वाटलं, पोरगी वायर टाकताना सांडते आणि तशीच सोडते. (तिची खरी खोली बघितली असती तर तुम्हालाही असंच वाटलं असतं.) आणि भाऊजी काय म्हणतील? आईनं हेच वळण लावलं?

एक टिचकी मारली. भुकटी गायब! ना सुपली, ना केरभरणी, ना कंबर मोडायची. इतका सुखाचा झाडू मी जन्मात मारला नव्हता. मळकट तेवढं सगळं साफ केलं. मग वर बघितलं तर भिंतींवर मशाली जळतायत, भरदुपारी! आमच्या घरात दिवसा दिवा दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. मशाली काढल्या. तर काय चमत्कार, एक मशाल काढली की तिच्यापुढची उजळलेली रेघ मळायची! म्हणजे तीही सांडलेलीच निघाली. तीही झाडली.

अशा तीन खोल्या झाल्या. चौथीत पाऊल टाकणार इतक्यात वड्यांच्या बटाट्यांची शेवटची शिट्टी झाली आणि मी उठले.

ऋतुजा डोक्याला टॉवेल गुंडाळून आली.

"आई, काय करायलीस?"

"झालंच बघ. तीन खोल्या लख्ख केल्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्क्रीनकडे बघत हळूच खाली फरशीवर बसली. तीन आठवडे रोजचा तासभर तिनं त्या यंत्राला दिला होता. मला माझ्या दोन्ही हातांची लाज वाटली.

"अगं, मी फक्त मळकट तेवढंच…"

"ते मळकट नव्हतं आई. ते 'नाय' होतं."

"काय होतं?"

"उजळली म्हणजे व्हय, विझली म्हणजे नाय. यंत्राला दोन्ही लागतं. तू सगळे नाय झाडून टाकले!"

"अन् मशाली?"

"त्या उजेडासाठी थोड्याच होत्या! करंट आला की मशाल विझते, करंट गेला की पेटते. व्हय म्हणलं की नाय म्हणते, नाय म्हणलं की व्हय."

(वीस वर्षं या घरात मी हेच काम करते आहे. त्याला इतकी किंमत असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.)

"मग जुनं परत आण ना!"

"गेम आपोआप सेव्ह होतो, आई. जुनं पुसलं जातं." मग ती एकदम ताठ झाली. "चौथी खोली?"

"ती राहिली. कुकर झाला ना."

ऋतुजानं कुकरला तिथूनच हात जोडले. चारी खोल्या सारख्या, म्हणजे एकीवरून बाकीच्या तीन उभ्या करता येणार होत्या. आम्ही कामाला लागलो. चौथ्या खोलीचे फोटो मोबाईलवर काढले आणि मी ते विणकामाच्या नमुन्यासारखे वाचू लागले: "भिंतीपासून दोन सोड, तीन भुकटी, एक ठोकळा, ठोकळ्याला मशाल…" वाचता वाचता मला दिसायला लागलं. इथं दोन्ही खटके व्हय असतील तरच पुढं व्हय. तिथं दोघांतला एकच असेल तर दिवा. नुसते व्हय आणि नाय शेजारी शेजारी मांडून या पोरीनं दगडांना हिशेब शिकवला होता! पावणेचार वाजता दोन खोल्या झाल्या. तिसरी अर्धी असताना ऋतुजा केस विंचरायला उठली आणि म्हणाली, "उरलेली तू लाव." मला माझ्या स्वतःच्या दहावीच्या निकालाच्या वेळीसुद्धा एवढा घाम फुटला नव्हता.

चारला भाऊजी आले. चष्मा पुसून बसले. हे शेजारी, कपाटाची किल्ली बोटात फिरवत.

"पाच अन् तीन कर," हे म्हणाले.

ऋतुजानं खटके ओढले. आम्ही दिव्यांकडे बघितलं. चारही दिवे विझलेले.

"पाच अन् तीन शून्य!" हे म्हणाले. "दादा, अजून काय बघायचं राहिलंय?"

भाऊजींनी हात वर केला. "थांब रं. पोरी, हातचा कुठवर येतोय ते दाखव."

ती त्यांना आत घेऊन गेली. पहिल्या खोलीतून हातचा निघाला. दुसरीतून निघाला. तिसरीत शिरला आणि परत दिसलाच नाही. भाऊजी स्क्रीनला नाक लावून रेघेवर बोट फिरवू लागले, मग उठून सरळ ऋतुजाच्या खुर्चीत जाऊन बसले. चहा गार झाला. हे दोनदा खाकरले. भाऊजींना ऐकूच आलं नाही.

"सापडलं!" ते ओरडले. "बाकीच्या खोल्यांत ह्या जागी मशाल हाय, हितं नाय. हे कुणी लावलंय?"

"मी," मी दारातून म्हटलं. मग सगळंच सांगून टाकलं, झाडण्यापासून.

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "ऋतुजाची आई, लई पॅनल बघितले मी. पण चालू पॅनल झाडून काढणारं माणूस पहिल्यांदा बघायलोय!"

ऋतुजानं मशाल लावली. हातचा पहिल्या खोलीतून दुसरीत गेला, दुसरीतून तिसरीत, आणि तिसरीच्या भोकातून बाहेर पडून चौथीत शिरला. आठाचा दिवा लागला. भाऊजींचे डोळे भरून आले होते आणि ते चष्म्याला दोष देत होते.

"एका पॅनलला आमची चार-चार माणसं लागायची," ते म्हणाले. "अन् हिनं एकटीनं, खेळता खेळता…"

"म्हणजे खेळच की," हे पुटपुटले.

"खेळ नाय. खोटं असतं तर बिघडलं नसतं. खरं यंत्र हाय म्हणून बिघडलं, अन् म्हणूनच सापडलं. यात दम हाय. ती किल्ली ठिव बाजूला."

लॅपटॉप राहिला, डिप्लोमाही ठरला. आता भाऊजी दर रविवारी चारला येतात आणि ऋतुजाबरोबर वजाबाकीचं यंत्र बांधतात. मीही अधूनमधून सल्ला देते. मागच्या आठवड्यात ऋतुजानं विचारलं, "आई, समोर कुणी उभं राहिलं की बंद होईल असं दार करायचंय. मशाल कुठं लावू?" मी क्षणात जागा दाखवली. तिनं लावली, भाऊजींनी तपासली, अगदी बरोबर निघाली! मला शाबासकी मिळाली. मी आनंदानं गेममध्ये बेरजेच्या खोल्यांकडे निघाले, उंबऱ्याशी पोचले, आणि माझंच दार माझ्या तोंडावर बंद झालं.