व्याह्यांचा उलटा कोट

आमचा मामा कोट शिवतो. त्याच्या गावात धुकं इतकं, की समोरचा माणूस धडकल्यावरच ओळखू येतो. म्हणून तिथले कोट भडक आणि बटणं बशीएवढी. "माणूस पोचायच्या आधी त्याचा कोट पोचला पाहिजे," असं मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मामेबहिणीचं लग्न दूरच्या शहरात ठरलं, तेव्हा मामाने फोनवर मापं मागवून व्याह्यांसाठी कोट शिवून पाठवला. पिवळाधमक, पायघोळ, आतून करडं अस्तर. व्याही गणिताचे मास्तर, बोलणंही मोजूनमापून. त्यांचं उत्तर आलं, "उबदार आहे." या दोन शब्दांवर मामा आठवडाभर हवेत होता.

नऊ महिन्यांनी तो मामीला घेऊन लेकीकडे गेला. स्टेशनावर उतरून बघतो तर सगळे काळ्या नाहीतर करड्या कोटात. त्यांच्यात लाल कोटातला मामा म्हणजे चालती टपालपेटी! तेवढ्यात व्याही आले. अंगात करडा कोट, खांद्यावर दोरे लोंबताहेत, आणि किल्ल्या, पाकीट, चष्म्याचं घर सगळं हातात, कारण खिसे गेले होते आत.

मामाने आपलं अस्तर ओळखलं. चहा होईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

"व्याहीबुवा, कोट उलटा घातलाय."

"माहीत आहे. नऊ महिने माहीत आहे."

"रंग आवडला नाही का?"

"फार आवडला हो! पण पहिल्या दिवशी घालून निघालो, तर कोपऱ्यावर दोन बायकांनी अडवलं. म्हणाल्या, हा रस्ता खणून ठेवलाय, तो बुजवणार कधी? आमच्याकडे भडक कोट फक्त रस्तादुरुस्तीवाले घालतात."

"घरात मात्र सुलटाच घालून बसतात," विहीणबाई आतून म्हणाल्या. "आरशासमोर."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मामीला वाटलं, आता मामा भडकणार. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं.

"रंगाचं जाऊ द्या हो. माझी आतली शिलाई नऊ महिने चारचौघांत उघडी हिंडतेय! लोक म्हणाले असतील, कुठला अडाणी शिंपी आहे. काढा तो कोट आधी."

दोन दिवस मामा लेकीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. शिवणी झाकल्या, करड्या बाजूला खिसे लावले, बटणं हलवली. मास्तर तीनदा डोकावून गेले. चौथ्यांदा हळूच म्हणाले, "कॉलरपाशी बोटभर पिवळं दिसलं तर... चालेल."

"दोन बोटं ठेवतो," मामा म्हणाला.

"दीड."

दीडवर तडजोड झाली. पुढच्याच आठवड्यात शाळेतल्या तिघांनी मास्तरांकरवी कोट सांगितले. बाहेरून करडेच, पण आतून एक नारिंगी, एक पोपटी. तिसरे खुद्द मुख्याध्यापक. त्यांनी मापाच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आतून गुलाबी, आणि कृपया घरी फोन करू नये.